भुस्सा

दौंडच्या एसटी स्टँडसमोर महबूब उस्ताद कांदे निवडत होते, आणि रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरमधून त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांच्यावर खेकसला.

"काढ टोपी! काढ कोट! चालता हो! तुझ्या छातीत दम न्हाई, भुस्सा हाय भुस्सा!"

पाठोपाठ गिटार कडाडली, ड्रमनं धिंगाणा घातला, आणि चार-पाच गळे एकदम बोंबलले, "भुस्सा हाय भुस्सा! छातीत भुस्सा!" ट्रॅक्टर आपला दोन ट्रॉल्या हेलकावत पाटसच्या कारखान्याकडं निघून गेला. उस्तादांच्या हातातला कांदा पिशवीऐवजी गटारात पडला.

कांदेवाली चांगुणा तोंडाला पदर लावून हसत होती. "उस्ताद, तुमीच की वो ह्ये! चार दिस झालं वाजतंय. मी म्हनलं, आवाज वळखीचा कसा?"

"तोल कांदे," उस्ताद म्हणाले. "आन् दात आत घाल."

दोन हजार एक साल होतं, दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, आणि ट्रॅक्टरवाल्यांना टेप हळू लावायची सवय त्या मुलखात कुणी कधी लावलीच नव्हती.

आता हा आवाज टेपमध्ये गेला कसा, ते सांगायला तीन वर्षं मागं जावं लागेल. महबूब उस्तादांचा दिलदार ब्रास बँड. चौदा माणसं, लाल कोट, सोनेरी गोंडे, आणि हातगाडीवर चार कर्णे. उस्ताद क्लॅरिनेट वाजवायचे, म्हणजे नुसते वाजवायचे नाहीत, नवरीच्या आईला रडवायचे आणि नवऱ्याच्या मामाला नाचवायचे. पण माणूस महा तिरसट. त्यांच्या वडिलांनी बँडला एक कायदा घालून दिला होता. उस्तादाच्या क्लॅरिनेटचा पहिला सूर निघाल्याशिवाय कुणी फुंकायचं नाही, कुणी टिपरू हलवायचं नाही. नवरदेव घोड्यावरून पडला तरी नाही.

पाटसच्या एका लग्नात, भर मिरवणुकीत, उस्ताद क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती बदलायला थांबले. पत्ती काही बसेना. वऱ्हाड उन्हात ताटकळलं. तेव्हा त्यांच्या थोरल्या पोरानं, आरिफनं, ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि स्वतःच्या मनानंच एक तान सोडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. झालं! उस्ताद तसेच ताडताड आले आणि त्यांनी पोराला भर रस्त्यात सोलून काढलं. टोपी काढ, कोट काढ, चालता हो, छातीत भुस्सा, सगळं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. गाणारा पाणी प्यायला गेला होता आणि माईक हातगाडीवर चालूच ठेवून गेला होता. उस्ताद बरोबर त्या माईकसमोर उभे होते. चारही कर्ण्यांनी त्यांची शिवी अख्ख्या पाटसच्या बाजाराला वाटली, आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ती इमानदारीनं टिपून घेतली.

आरिफनं टोपी काढली, कोट काढला, हातगाडीवर ठेवला आणि हायवेला जाऊन मिळेल त्या पहिल्या गाडीत बसला. मागं वळून बघितलं नाही. उस्तादांनीही हाक मारली नाही. त्या घरात कुणाला नमतं घ्यायचं वळणच नव्हतं.

पोरगं सणसवाडीला एका कंपनीत लागलं. चाळीतली भाड्याची खोली, आठवड्याला बदलणारी शिफ्ट. शेजारच्या खोलीत केरळचा एक गडी गिटार वाजवायचा, पलीकडं बिहारचा एक होता, त्याला जाड तारांची गिटार यायची. आणि चौथा मल्हार. हा मल्हार म्हणजे दिलदार बँडच्या ढोलवाल्या भैरूचा मुलगा. पाबळच्या शाळेत वेल्डिंग-वायरिंग शिकलेला, स्पीकरचे खोके त्यानं स्वतः ठोकले आणि ड्रमही तोच बडवू लागला. रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये चौघांचा गदारोळ चालायचा. घरमालक शिव्या द्यायचा. बँडचं नाव ठेवलं 'करंट'.

पाटसच्या त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आरिफनं मिळवली. वडिलांचा आवाज जसाच्या तसा गाण्याच्या तोंडाला लावला, आणि उस्ताद शिवी देताना जिथं चढले तिथं चाल चढवली, जिथं उतरले तिथं उतरवली. पुण्याच्या कॅसेटवाल्यानं त्यांची आठ गाणी ऐकली, सात फेकून दिली आणि म्हणाला, हे एकच काढू, दोन्ही बाजूंना हेच भरू. दौंड स्टेशनजवळच्या दुकानदारानं पहिला खोका "माल खराब हाय, दोन्हीकडं येकच गानं" म्हणून परत पाठवला. चौथ्या दिवशी तोच पहिल्या शटलनं पुण्याला पळाला, तो खोका परत आणायला आणि वर आणखी सहा मागायला.

मग काय विचारता! वडापच्या जीपा, सलूनं, रसवंत्या, शाळांची गॅदरिंगं, केबलवरचं फर्माईशीचं चॅनल. पुण्यात म्हणे कॉलेजची पोरं या गाण्यावर शर्ट काढून उड्या मारायची. हॉटेलात पोऱ्यानं बशी फोडली की मालक ओरडायचा, "काढ टोपी!" आणि गिऱ्हाइकं पुढचं पुरं करायची. उस्ताद नमाजला गेले की वजूच्या नळावर कुणीतरी हळूच गुणगुणत असायचा आणि त्यांना बघून खोकायला लागायचा. चाळीस वर्षं ज्या माणसाला लोकांनी क्लॅरिनेटसाठी मान दिला, त्याला आता रस्त्यावरची पोरं "ओ भुस्सा!" म्हणू लागली.

त्या आठवड्याच्या तालमीला उस्तादांनी तेराही जणांना अंगणात उभं केलं.

"कान उघडून ऐका. लगीन कुनाचं बी असू द्या, मंत्र्याच्या पोराचं असू द्या, ते गानं दिलदार बँडमधी वाजनार न्हाई. ज्या दिवशी वाजंल त्या दिवशी मी ह्या बँडमधी नसंन. कळलं?"

भैरूनं ढोलाची दोरी उगाच आवळली.

लग्नसराई उभी राहिली आणि सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारायचा, "भुस्सा वाजवता ना?" न्हाई म्हटलं की चहाचा कप अर्धा टाकून उठायचा. शिरूरच्या सोपानरावच्या बँडनं ते गाणं दुसऱ्याच दिवशी बसवलं होतं. कालचा पोरगा हा सोपानराव, त्याला सा कुठं आणि रे कुठं ते माहीत नव्हतं, पण घोडनदीपासून भीमेपर्यंतची लग्नं तो दोन्ही हातांनी गोळा करत होता. दिलदारचे लाल कोट खुंटीला लटकत राहिले. ट्रम्पेटवाला शाकीर एका विहिरीवर गाळ काढायला गेला. भैरूची बायको तानुबाई अंगणात येऊन उस्तादांच्या बायकोसमोर, इमामबीसमोर बसली आणि दोघी हळू आवाजात बोलत राहिल्या.

"उस्ताद," भैरू एकदा धीर करून म्हणाला, "येवढा काय हट? गानं हाय. लोक दोन घटका नाचत्यात आन् घरी जात्यात."

"माझ्या अब्रूवर नाचत्यात. तुझा मल्हार बडवतोय ना त्यात? मंग तुला ग्वाडच लागनार."

"पोरांनी नाव काढलं, उस्ताद."

"व्हय, माझं काढलं. पार बाजारात काढलं."

भैरूनं तीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला उभं राहून ढोल वाजवला होता. तो गप बसला. पण त्या गप बसण्यात आता पहिल्यासारखा मान नव्हता, आणि उस्तादांना ते समजलं. ते आणखीच कावले.

रमजान ईदला आरिफ आला. हातात आईसाठी साडी, बहिणीसाठी, सबीनासाठी, घड्याळ. उस्तादांसाठी पांढराशुभ्र झब्बा. दारातच उस्तादांनी विचारलं, "कशाच्या कमाईचा?"

"गान्याच्या," आरिफ म्हणाला. लपवायचं त्याला माहीतच नव्हतं.

"म्हंजी बापाला इकून बापाला कापड आनलं. वा रे पठ्ठ्या!"

"अब्बा, त्यात माझा येक शब्द न्हाई. समदं तुमचंच हाय. मी खोटं काय गायलो?"

"घरातली शिवी घरात ऱ्हाती. तू ती चव्हाट्यावर मांडली."

"घरात?" आरिफ हसला, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "चार कर्ने लावून दिली व्हती तुम्ही. हजार मान्सं बघत व्हती. मी अठरा वर्सांचा व्हतो. तवा माझी अब्रू कुठं ठेवली व्हती तुम्ही?"

"मला म्हाईत व्हतं का, माईक चालू हाय म्हनून!"

"माईक बंद असता तर दिली नसती व्हय?"

उस्तादांनी झब्बा उचलला आणि बाहेर बांधलेल्या शेळीच्या पुढ्यात टाकला. आरिफ शीरखुर्म्याला तोंड न लावता निघून गेला. इमामबीनं झब्बा झटकून आणला, घडी केली आणि नवऱ्याच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड न्हाई आन् त्याच्या मानंला वाक न्हाई. मधी मी मरते." उस्तादांनी तिच्याकडं पाठ फिरवली. त्या दिवसापासून ती त्यांना वाढायची, पण बोलायची नाही.

माघात एक सुपारी आली, ती मात्र नाही म्हणायची सोय नव्हती. बापूसाहेबांच्या मुलाचं लग्न, शिरूरला. बापूसाहेबांच्या स्वतःच्या लग्नात उस्तादांच्या वडिलांनी वाजवलं होतं, म्हणून त्यांनी गाण्याबिण्याचं काही न विचारता निरोप धाडला. उस्तादांची छाती फुगली. "बघितलं? मानूस वळखनारी मान्सं हायेत अजून." चौदा कोट खुंटीवरून निघाले, गोंड्यांना इस्त्री झाली.

लग्न दुपारचं. नवरदेवाचा परण्या मारुतीकडं निघाला. पुढं बँड, मागं घोडा, घोड्याच्या भोवती नवरदेवाचे दोस्त. पहिली तीन गाणी उस्तादांनी अशी काही वाजवली, की दुकानदार पायरीवर आले. चौथ्याला नवरदेव घोड्यावरून वाकून म्हणाला, "उस्ताद, आता भुस्सा!"

"ते सोडून काय बी सांगा."

"तेच पायजे."

"आमच्यात ते वाजत न्हाई."

नवरदेवानं लगाम ओढला. घोडा बाजारपेठेच्या मधोमध उभा राहिला. "मंग घोडा बी हलत न्हाई." दोस्तांनी रस्त्यावर बसकण मारली. मागं करवल्या खोळंबल्या, गाड्या हॉर्न मारू लागल्या, लग्नघरातून माणूस धावत आला, मुहूर्त टळतोय म्हणून. बापूसाहेब फेटा सावरत पुढं आले. "महबूब, अरे वाजीव बाबा. पोराची हौस हाय."

"बापूसाहेब, तुमच्यासाठी जीव देतो. गानं देत न्हाई."

हात मागं बांधून, क्लॅरिनेट काखेत मारून, उस्ताद रस्त्यात खांबासारखे उभे राहिले. आपल्या पाठीमागं तेरा माणसं आपल्यासारखीच उभी आहेत याची त्यांना खात्री होती. कायदाच होता तो.

आणि भैरूनं टिपरू हाणलं.

एकदा. मग दोनदा. मग गाण्याचा तोच ठेका, सरळ. उस्ताद गर्रकन वळले, तोवर शाकीरचं ट्रम्पेट तोंडाला लागलं होतं. पाठोपाठ बाकीचे. तेराच्या तेरा जणांनी भुस्सा धरला, मुखडा, अंतरा, मधला ड्रमचा तुकडा, सगळं पाठ. ऐन वेळी सुचलेलं हे वाजवणं नव्हतं. शाकीर तर शेवटच्या सुराला जी गिरकी देत होता, ती गिरकी उस्तादांनी या जगात एकाच माणसाला शिकवली होती.

पहिला फेर संपला तसे उस्ताद भैरूच्या छातीला छाती लावून उभे राहिले. "कुनी बसवलं?"

"आरिफनं," भैरू म्हणाला. त्याच्या मिशीवरून घाम गळत होता, पण नजर खाली गेली नाही. "ईदपासनं. दर शुक्करवारी, तुम्ही नमाजला गेल्याव. तुमच्याच अंगनात. वैनी च्या करायच्या."

"माझ्या अंगनात?"

"मंग कुठं? वाद्यं तिथंच असत्यात." भैरू एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण तीस वर्षांचं साठलेलं होतं. "उस्ताद, तुमचा मान लई संबाळला. मानानं चूल पेटत न्हाई. तेरा घरं हायेत. तुमाला तुमची शिवी मोठी, आमाला आमची पोरं मोठी. काय करायचं ते करा."

"वन्स मोअर!" नवरदेव ओरडला. घोडा हलला, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि भैरूनं पुन्हा ठेका धरला. उस्तादांच्या परवानगीची आता कुणाला गरज उरली नव्हती.

बँड वाजवत होता, पोरं गळा काढून गात होती, "काढ टोपी! काढ कोट!" आणि उस्तादांनी टोपी काढली. कोटाची बटणं एकेक करून सोडली. कोट काढला आणि हातगाडीवर ठेवला. लोकांना वाटलं, हा गाण्यातलाच खेळ आहे! काय टाळ्या पडल्या म्हणता. बायका खिडक्यांतून वाकल्या. बापूसाहेबांनी स्वतः शाबासकीची थाप मारली, "वा महबूब! ह्ये बेस केलं!" कुणीतरी त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. "चालता हो! चालता हो!" पाचशे माणसं एका आवाजात ओरडत होती, आणि उस्ताद गर्दीतून वाट काढत खरंच चालते झाले. मिरवणूक वाजत-गाजत मारुतीकडं गेली. त्यांना आणायला मागं कुणी आलं नाही.

घामेजलेल्या बनियनवर, क्लॅरिनेट हातात घेऊन, उस्ताद शिरूरच्या उन्हात चालत राहिले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते रागाचं आहे असं ते स्वतःला सांगत होते. दगा दिला भाड्यांनी! बायकोनं च्या पाजला! पण खरं सांगायचं तर कानात दुसरंच काहीतरी सलत होतं. वाजवलं किती भिकार! शाकीरनं अंतऱ्याला अर्ध्यात दम सोडला. मुखडा चढतो तिथं सगळे बकरीसारखे बें करून थांबले. शिवी आहे ती. शिवी अशी अंगाई म्हटल्यासारखी देतात होय? आपल्याच बँडनं आपलीच शिवी अशी वाया घालवावी, याची त्यांना दग्यापेक्षा जास्त चीड आली.

पुलाच्या अलीकडं सोपानरावच्या बँडचं दुकान होतं. दारात पाच-सहा जण पितळ घासत बसले होते. सोपानराव खुर्चीवर पाय पसरून चहा पीत होता. गळ्यात झेंडूची माळ, अंगात बनियन, असा हा दौंडचा उस्ताद दारात बघून तो गडबडून उभा राहिला.

"मामा, तुम्ही? हितं?"

"मानूस पायजे का बँडमधी?"

"कोन मानूस?"

"मी."

सोपानरावच्या तोंडावर आधी आश्चर्य आलं, मग हिशेब आला. पोरगा पक्का होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "तुमच्यासारखा मानूस म्हंजी आमचं भाग्य. पन मामा, राग मानू नका, धंदा हाय. आमच्यात समदी लग्नं एकाच गान्यावर चालत्यात. ते तुमाला वर्ज्य. मंग मी तुमाला उभं कुठं करू? वाजवत असाल तर पयलं ते वाजवून दाखवा."

पितळ घासणारे हात थांबले. उस्तादांनी दातओठ खाल्ले. परत जायला रस्ता मोकळा होता, पण परत जायचं कुठं? घरी इमामबी होती, अंगणात शुक्रवार होता. त्यांनी गळ्यातली माळ तोडून बाजूला टाकली, पत्ती जिभेवर ओली केली आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

एकदाही तालीम केली नव्हती. गरजच नव्हती. पहिल्याच सुराला सोपानराव एक पाऊल मागं सरला. "काढ टोपी" असं वाजलं, की पितळ घासणाऱ्या एकाचा हात खरोखरच डोक्याकडं गेला. भैरूवरचा राग, इमामबीवरचा, पोरावरचा, टाळ्या वाजवणाऱ्या त्या पाचशे गाढवांवरचा, सगळा त्या काळ्या नळीतून बाहेर पडत होता, आणि अंतऱ्याला दम कुठं म्हणता कुठं तुटला नाही. शेजारचा सायकलवाला पान्हा हातात घेऊन आला. पुलावरची दोन माणसं थांबली. कुणी नाचलं नाही. नाचायची कुणाची छाती झाली नाही.

गाणं संपलं. सोपानरावनं घसा खाकरला. आत जाऊन त्यानं खुंटीवरचा निळा कोट आणला, स्वतःच्या हातानं झटकला आणि पुढं धरला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "ही क्यासेट मी हजारदा ऐकलीय. असं तुमच्या आरिफला बी जमलं न्हाई."

महबूब उस्तादांनी निळ्या कोटात हात घातले. बाह्या आखूड होत्या.

"जमंल कसं?" ते म्हणाले. "शिव्या माझ्या हायेत."